लाल आवाज

पट्टी लाल झाली तेव्हा गिरिजा फक्त एवढंच म्हणाली होती, ‘‘अहो, मी आलेय.’’

तेही तिच्या मानाने अगदी हळू. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांचा संसार झाला, त्यांना हळू बोलणं कुणी शिकवलेलंच नसतं. माग चालू असताना या टोकाच्या बाईला त्या टोकाच्या माणसाला ‘जेवायला या’ म्हणायचं असेल, तर आवाज छपराला लागावा लागतो. गिरिजा कोरेचा आवाज तसा होता. गल्लीत कुणाचं पोरगं खेळायला जाऊन हरवलं, तर लोक आधी तिला दारात उभं करून हाक मारायला लावत. पण मिरजेच्या त्या मोठ्या रुग्णालयात, अतिदक्षता विभागात पाऊल टाकलं आणि तिथल्या गार शांततेने तिचा आवाज आपोआप खाली आला.

विरूपाक्ष, तिचा नवरा, पलंगावर निपचित पडला होता. मागांची दुरुस्ती करणारा जॉबर म्हणून त्याने जन्मभर कापसाची धूळ छातीत ओढली होती, आणि आता त्याच छातीत न्यूमोनिया शिरला होता. घशात नळी, नळीमागे श्वास देणारं यंत्र, शिरेत थेंबाथेंबाने गुंगीचं औषध. कपाळाला दोन बोटं रुंदीची मऊ करडी पट्टी बांधलेली. गिरिजा बोलली तसा पट्टीच्या कडेचा पिवळा दिवा लाल झाला आणि उशाशी लावलेल्या पडद्यावर हृदयाचे ठोके सरसर वर चढले.

‘‘आता तुम्ही बोला,’’ लीना सिस्टर अक्षताला म्हणाल्या.

अक्षता ही त्यांची एकुलती मुलगी, बातमी कळताच पुण्याहून निघून आलेली. तिने वडिलांच्या हातावर हात ठेवला. ‘‘बाबा, मी आहे. तुम्ही शांत झोपा. सगळं नीट होणार आहे.’’

दिवा हिरवा झाला. चढलेले ठोके हळूहळू खाली आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, संध्याकाळी आणखी एकदा. फरक नाही. मुलगी हिरवी, बायको लाल.

डॉ. तस्नीम मुजावर यांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. चाळिशीच्या, बोलण्यात कोकरासारख्या मऊ, पण कामात कडक अशी त्यांची ख्याती होती. पट्टीचा अभ्यास त्यांनीच उभा केला होता आणि देशातली कितीतरी रुग्णालयं त्यात सामील झाली होती.

‘‘काकू, एक गोष्ट आधीच सांगते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही पट्टी प्रेम मोजत नाही.’’

‘‘मग काय मोजते?’’

तस्नीमनी समजावून सांगितलं. अतिदक्षता विभागातून माणूस जिवंत बाहेर येतो, पण पुष्कळदा सगळाच्या सगळा येत नाही. घशातली नळी सहन व्हावी म्हणून त्याला गुंगीत ठेवावं लागतं. मेंदू मात्र बंद पडलेला नसतो, तो अर्धवट ऐकत राहतो. यंत्रांची टिकटिक, अनोळखी हात, सुयांचं टोचणं, या सगळ्याचं कडबोळं करून तो स्वतःपुरतं एक भयंकर स्वप्न रचतो. मग शुद्धीवर आलेला माणूस बरळतो, नळ्या उपटतो, पोटच्या पोरांना ओळखत नाही. काहींचा हा गोंधळ पुढे वर्षानुवर्षं सुटत नाही. ओळखीचा आवाज कानी पडला की हे कमी होतं, असं डॉक्टरांना पूर्वीपासून जाणवत होतं. पण नेमका कुणाचा आवाज, हे कळायला मार्ग नव्हता. पट्टीने तो मार्ग दिला. मेंदूतले विजेचे बारीक तरंग, नाडीची लय, त्वचेचा घाम, एवढ्यावरून ती सांगायची की हा आवाज ऐकून मेंदू निवतोय की खवळतोय. निवला तर हिरवा, खवळला तर लाल.

‘‘अभ्यासात निम्म्या रुग्णांना हिरवा आवाज ऐकवायचा आणि लाल आवाज लांब ठेवायचा. उरलेल्या निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा. कोण कुठल्या गटात, हे संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवतो. काका पहिल्या गटात आलेत. अभ्यासात भाग घ्यायला तुम्ही दोघींनी संमती दिलीच आहे.’’

‘‘म्हणजे मी आत जायचं न्हाई?’’

‘‘आत जायचं. हात धरायचा. फक्त बोलायचं नाही.’’

गिरिजा मग म्हणाली, ‘‘बोलायचं नसेल तर मी आत जाऊन काय करू?’’

अभ्यासाचा निकाल अजून यायचा होता. पण निकालापर्यंत थांबायला लोकांना सवड कुठे असते? ज्या कंपनीने पट्टी बनवली होती, तिच्याकडून छोट्या-मोठ्या दवाखान्यांनी ती धडाधड विकत घेतली होती. रुग्ण शांत राहतो, औषध कमी लागतं, सिस्टरांची धावपळ वाचते. मग वाईट काय? आणि दवाखान्यातून रंग गावात आले. ‘सासूची लाल आली’ म्हणून सुना हळदीकुंकवात कुजबुजायच्या. एका घटस्फोटाच्या दाव्यात वकिलाने बायकोच्या लाल दिव्याचा पुरावा दिला होता म्हणे. आपल्या आवाजाने आजारी भावाची पट्टी लाल झाली म्हणून दुसऱ्या भावाने त्याच्याशी बोलणंच सोडलं. आपली माणसं आजारी पडली तर आपला रंग कोणता निघेल, या धास्तीने लोक घरात गोड बोलायला लागले होते.

गिरिजाने हे सगळं ऐकलेलं होतं. दुसऱ्यांचं ऐकताना तिला हसूही आलेलं होतं.

आता ती काचेच्या भिंतीबाहेर बसायची. आत अक्षता वडिलांच्या कानाशी पुस्तक वाचायची, लहानपणीच्या सहलींच्या आठवणी सांगायची, आणि दिवा हिरवागार राहायचा. दुपारी दोघी उपाहारगृहात जेवायला बसत, तेव्हा गिरिजाला घास गिळवत नसे.

‘‘आई, मनाला लावून घेऊ नकोस.’’

‘‘मी कुठं लावून घेतलंय?’’

‘‘दिसतंय ना तोंडावर.’’

‘‘तुला काय वाटतं, खरं सांग. तुला नवल वाटलं? माझी लाल आली ह्याचं?’’

अक्षताने पोळीचा तुकडा उगाच आमटीत बुडवला. ‘‘तू सारखी बोलायचीस ग त्यांना. सकाळी उठल्यापासून. चहा गार झाला, सदऱ्याला ग्रीस लागलं, औषध घेतलं नाही. मी लहानपणी कानात बोळे घालून अभ्यास करायची.’’

‘‘मग औषध घेत नव्हतेच ते. घेतलं असतं तर इथं आले असते?’’

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. गिरिजाने ओठ मिटले. त्या दिवसापासून ती मुलीशीही बेताचंच बोलायला लागली. दिवसभर काचेवर कपाळ टेकून ती मनात एकच गोष्ट घोळवायची. तीस-बत्तीस वर्षं हा माणूस माझ्या आवाजाला भीत होता काय? आणि मला कधी बोलला कसा नाही?

न्यूमोनिया हटत चालला. फुप्फुसाच्या फोटोतले पांढरे ढग विरळ झाले, ताप उतरला. आता विरूपाक्षला नळीतून सोडवायचं होतं. त्यासाठी रोज सकाळी गुंगीचं औषध कमी करून यंत्राचा जोर उतरवून बघतात. माणूस जागा होऊ लागतो, स्वतः श्वास ओढायला धडपडतो, मग नळी काढता येते. विरूपाक्ष धडपडलाच नाही. पहिल्या सकाळी नाही, पुढच्या सकाळी नाही, त्यानंतरही नाही. यंत्राने दिला तेवढा श्वास घ्यायचा आणि गप्प पडून राहायचं. कानाशी अक्षताचा आवाज, कपाळावर हिरवा दिवा, चेहरा पाळण्यातल्या बाळासारखा निवांत.

‘‘मेंदूला इजा नाही, फोटोत सगळं ठीक आहे,’’ विभागप्रमुख दोघींना म्हणाले. ‘‘पण असंच चाललं तर गळ्याला छिद्र पाडून कायमची नळी घालावी लागेल. आणि मग दीर्घ शुश्रूषा केंद्र.’’

अक्षताने पुण्यात तसं केंद्र शोधलं. आईला एकदम सांगितलं तर ती कोसळेल, म्हणून योग्य वेळ बघून सांगायचं तिने ठरवलं होतं. पण ती वेळ आपल्या पायांनी चालत आली. गिरिजा नवऱ्याच्या पायांना लावायला तेल घेऊन आत जात होती, आणि अक्षता पलंगाशी उभी राहून सिस्टरना म्हणत होती, ‘‘पुण्याच्या केंद्राची गाडी शुक्रवारी येईल. आईला मी सांगते.’’

गिरिजा उंबऱ्यातच थबकली.

‘‘कुणाला नेणार?’’

‘‘आई, हळू. बाहेर चल, सांगते.’’

‘‘कुणाला नेणार विचारतेय मी! मला न विचारता? ह्यांना गळ्याला भोक पाडून कुठल्या केंद्रात ठेवणार तुम्ही?’’ इतके दिवस दाबून धरलेला आवाज तिच्या छातीतून बांध फुटावा तसा फुटला. तो मुलीवरून घसरला आणि थेट पलंगावर जाऊन आदळला. ‘‘आणि तुम्ही! काय पडून राहिलाय? निघालेत तुम्हाला घेऊन! उठा की! अहो, उठा!’’

दिवा लाल झाला. नुसता लाल नव्हे, तो लुकलुकायला लागला. पडद्यावरचे आकडे चढले, श्वासयंत्राने इशारा द्यायला सुरुवात केली, विरूपाक्षचं अंग पलंगावर ताठलं. दोन सिस्टर धावत आल्या. एकीने औषध वाढवलं, दुसरीने गिरिजाला खांद्याला धरून बाहेर काढलं.

‘‘मारशील त्यांना!’’ अक्षता रडत ओरडली. ‘‘कळतंय का तुला? मारशील!’’

गिरिजा काचेबाहेरच्या बाकावर बसली ती तेलाची बाटली हातात धरूनच. आपण केलं ते काय केलं, हे तिला उमगत होतं. तिने पदराने तोंड झाकून घेतलं.

डॉ. तस्नीम आल्या, तेव्हा विरूपाक्ष पुन्हा शांत झाला होता आणि दिवा पिवळा होता. घडलं ते सिस्टरनी सांगितलं. तस्नीमनी मान हलवली आणि सवयीप्रमाणे त्या वेळच्या सगळ्या नोंदी पडद्यावर मागे नेऊन पाहिल्या. नाडी खवळलेली, घाम वाढलेला, मेंदूचे तरंग उसळलेले. पट्टीच्या हिशेबाने संकट. मग त्यांची नजर श्वासयंत्राच्या रेषेवर गेली आणि तिथेच खिळली.

यंत्र ठरलेल्या अंतराने श्वास देतं, त्याची रेष एकसारखी चालते. गिरिजाच्या ओरडण्याबरोबर त्या रेषेच्या मधेमधे छोटे, वेडेवाकडे उंचवटे आले होते. ते यंत्राचे नव्हते. यंत्राची वाट न बघता रुग्णाने ते श्वास स्वतः ओढले होते. म्हणून तर यंत्राने इशारा दिला होता.

त्यांनी ती रेष पुन्हा मागे नेऊन तपासली. मग विभागप्रमुखांकडे गेल्या.

‘‘एका रुग्णावरून शास्त्र होत नाही, तस्नीम.’’

‘‘नाही होत, सर. पण प्रश्न होतो. आपण खवळणं म्हणजे त्रास, असं गृहीत धरलं. झोपलेल्या माणसाला उठवलं तर तोही खवळतोच ना? पट्टीला भीती आणि धडपड यांतला फरक कळत नसेल तर? आपण लाल आवाज दूर ठेवून रुग्णाला त्रासातून वाचवतोय, की त्याला उठवणारी हाकच बंद करतोय?’’

‘‘हा तुझ्या चार वर्षांच्या कामाचा प्रश्न आहे, हे लक्षात आहे ना?’’

‘‘म्हणूनच मी विचारायला हवा.’’

अभ्यास चालू असताना कुठल्या गटाचं काय होतंय, हे तो अभ्यास करणाऱ्यांनाही पाहता येत नाही. नाहीतर मनाला हवं तेच दिसायला लागतं. ते पाहायचा अधिकार एका स्वतंत्र सुरक्षा समितीला असतो. तस्नीमनी त्या समितीला सविस्तर कळवलं आणि आतापर्यंतचे निकाल तपासायची विनंती केली. उत्तर आलं, तेव्हा त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि ते पुन्हा पुन्हा वाचलं. हिरव्या गटातले रुग्ण शांत होते, औषधही त्यांना कमी लागत होतं. पण ते नळीतून उशिरा सुटत होते. जे मोजायला सोपं होतं ते सुधारलं होतं, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते बिघडलं होतं.

अभ्यास तिथेच थांबवला गेला, विरूपाक्षला पुण्याला न्यायचंही पुढे ढकललं. त्याच रुग्णांत, त्यांच्या घरच्यांची नव्याने संमती घेऊन, उलटं करून, म्हणजे लाल आवाज ऐकवून बघायची परवानगी तस्नीमनी मागितली आणि समितीने ती कडक देखरेखीच्या अटीवर दिली.

‘‘मला खात्री नाही, काकू,’’ त्यांनी गिरिजाला आणि अक्षताला स्पष्ट सांगितलं. ‘‘माझा तर्क आहे. बोलावल्याने काका जागे होतील, असं मला वाटतं. पण त्यांना नुसता त्रासही होऊ शकतो. मी पलंगाशी उभी असेन, गरज पडली तर लगेच थांबवेन. निर्णय तुमचा.’’

अक्षता म्हणाली, ‘‘मला हे पटत नाही. त्या दिवशी त्यांचं अंग कसं ताठलं होतं, मी पाहिलंय.’’

सही बायकोची चालली असती. मुलीला विचारायची कायद्याने गरज नव्हती. पण गिरिजा उठली आणि म्हणाली, ‘‘तिच्या मनाविरुद्ध मी न्हाई करायची,’’ आणि बाहेर जाऊन रुग्णालयाच्या बागेतल्या कठड्यावर बसली. समोर कुणीतरी गुलमोहराखाली वळकटी पसरून जेवत होतं. थोड्या वेळाने अक्षता येऊन शेजारी टेकली.

‘‘तुला वाटत असेल, तू रागावशील म्हणून मी अडले,’’ गिरिजा खालच्या आवाजात म्हणाली. ‘‘तसं न्हाई. मलाच भ्या वाटतंय. खरंच ते मला घाबरत असले तर? म्हणजे ते जातील, आणि शेवटचा माझाच आवाज ऐकून जातील. बाई ग, त्यापेक्षा मी मुकी झालेली बरी.’’

आईच्या तोंडून असं काही अक्षताने जन्मात ऐकलं नव्हतं. ती मग म्हणाली, ‘‘तू मावशीच्या बाळंतपणाला गोकाकला गेली होतीस, आठवतंय? मी आठवीत होते. तू नव्हतीस ते सगळे दिवस बाबा रेडिओ मोठ्याने लावून बसायचे. झोपतानाही. मी वैतागून बंद केला, तर म्हणाले, राहू दे ग, घर गप्प झालं की माझे हातपाय चालत नाहीत.’’

गिरिजाने मान वळवली.

‘‘मला हे आत्ता आठवलं, आई. पट्टी लागल्यापासून मी फक्त तुझं बोलणंच आठवत बसले होते.’’ तिने आईचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. ‘‘चल. सही करू.’’

सकाळी गुंगीचं औषध उतरवलं गेलं. पडद्याशी तस्नीम, नळीशी लीना सिस्टर, पायाशी अक्षता. गिरिजा उशाशी उभी राहिली. तिने घसा साफ केला आणि मुलीसारखं मऊ बोलायचा प्रयत्न केला. ‘‘अहो... बरं वाटतंय का? उठता का आता?’’

दिवा पिवळाच राहिला. विरूपाक्षच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

‘‘काकू,’’ तस्नीम म्हणाल्या, ‘‘हे कोण बोलतंय ते त्यांना ओळखू येत नसेल. घरी बोलता तसं बोला.’’

गिरिजाने एकदा मुलीकडे पाहिलं. अक्षताने मान डोलावली. तेव्हा तिने पदर खोचला, माग चालू असल्यासारखा श्वास भरून घेतला आणि हाक मारली.

‘‘अहो! दोन नंबरच्या मागाचा धोटा अडकलाय, ताण्याचं सूत तुटाय लागलंय सगळं! मी काय करू एकटी? येताय का न्हाई? किती वेळ झालं हाका मारतेय मी!’’

सगळा विभाग दचकला. पलीकडच्या पलंगाजवळच्या नातेवाइकांनी पडदा बाजूला केला. दिवा लाल झाला, ठोके चढले, अंग ताठलं. अक्षताने पलंगाचा कठडा घट्ट धरला. लीना सिस्टरचा हात औषधाकडे गेला.

‘‘थांबा,’’ तस्नीम म्हणाल्या. त्यांची नजर रेषेवर होती. ‘‘थांबा... घेतला. आणखी एक. काकू, थांबू नका!’’

‘‘उठा म्हणतेय ना! चहा गार झाला! लेक पुण्याहून आलीय, आणि तुम्ही तोंड फिरवून पडलाय, काय म्हणावं ह्याला! इकडं बघा! माझ्याकडं बघा!’’

रेषेवर उंचवट्यामागून उंचवटा येत होता. विरूपाक्षच्या भुवया आक्रसल्या, नेहमीसारख्या, तिच्या ओळखीच्या. पापण्या थरथरल्या, अर्ध्या उघडल्या, मिटल्या आणि पुन्हा उघडल्या. बुबुळं छतावरून घरंगळत आली आणि गिरिजाच्या तोंडावर थांबली.

तिने पदराने त्याच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या.

पुढचे काही दिवस रोज सकाळी हा दंगा चालला. दुपारी आणि संध्याकाळी अक्षताने वाचून दाखवायचं, त्याने विश्रांती घ्यायची. सकाळी गिरिजाने उठवायचं, त्याने श्वासाशी झुंजायचं. यंत्राचा वाटा कमी होत गेला, त्याचा वाढत गेला. एके दिवशी नळी निघाली. विरूपाक्ष खोकला, लाल झाला, पाणी मागायची खूण केली. ओठ ओले झाल्यावर घोगऱ्या, फाटक्या आवाजात तो पहिलं वाक्य बोलला.

‘‘किती वरडतीस ग.’’

गिरिजाने तोंडावर हात ठेवला. पुरती गप्प झाली. पट्टीने सांगितलं होतं ते खरंच, असं तिच्या मनात चरकून गेलं. तेवढ्यात पलंगावरून त्याने हात उचलला, हवेत चाचपडला आणि तिचं मनगट पकडलं.

‘‘गप का झालीस?’’

बरं वाटल्यावर त्याने तस्नीमना सगळं सांगितलं. अक्षताचा आवाज यायचा तेव्हा झोळीत निजल्यासारखं वाटायचं. इतकं सुख, की उठायचं कशाला असं व्हायचं. ‘‘आणि हिचा आवाज आला की वाटायचं, कायतरी बिघडलंय, मला गेलं पाहिजे. मी पळत होतो हो मॅडम. पाय उचलत नव्हता, पण पळत होतो.’’

तस्नीमनी हे शब्द जसेच्या तसे टिपून घेतले. पट्टीला आता नवी विद्या शिकवायची होती. भीतीतही नाडी उडते आणि धडपडीतही, पण धडपडणारा मेंदू हालचालीची तयारी करतो. हातपाय हलण्याआधी क्षणभर त्याच्या ठरावीक भागात एक मंद तरंग उठतो. भ्यालेल्या मेंदूत तो उठत नाही. त्या आणि त्यांचे सहकारी वर्षभर याच्यामागे लागले. लाल रंगाचे दोन भाग झाले, कारण काही लाल खरेच भीतीचे होते. थोरल्या भावाच्या नुसत्या चाहुलीने एका मुलीची नाडी लटपटायची, त्या भावाला दाराबाहेरच ठेवलं गेलं आणि पुढे पोलिसांत जाण्याचं धैर्य तिला आलं. पण बहुतेक लाल आवाज उठवणारे निघाले. रोज भांडणाऱ्या बायका, धाक दाखवणारे बाप, तिखट जिभेच्या सासवा. ज्यांनी जन्मभर आपल्या माणसाला काही ना काही करायला लावलं होतं, ते.

नवा अभ्यास पुन्हा चिठ्ठ्या टाकून झाला, कुठेही सूट न घेता. विश्रांतीला निववणारा आवाज, जागं व्हायच्या वेळी उठवणारा. तो मुदतीआधीच थांबवावा लागला, पण या वेळी कारण वेगळं होतं. फायदा इतका उघड होता की उरलेल्या रुग्णांना त्यापासून वंचित ठेवणं समितीला योग्य वाटेना. माणसं लवकर नळीतून सुटत होती, घरी जाताना आपल्या नातवंडांची नावं बिनचूक सांगत होती. मरणाऱ्यांची संख्यासुद्धा घटली होती, आणि तेवढी अपेक्षा तर कुणीच केली नव्हती.

मिरजेत निकाल जाहीर झाला, त्या दिवशी सभागृह भरून गेलं. पहिल्या रांगेत विरूपाक्ष नवा सदरा घालून बसला होता. तस्नीमनी सुरुवातीलाच सांगितलं, ‘‘आमचा पहिला तर्क चुकला होता. आज आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत, कारण तो चुकलाय हे आम्ही शोधून काढलं.’’ टाळ्या थांबेनात. विभागप्रमुख उभे राहून वाजवत होते. अक्षता रडत हसत होती आणि आईला चिमटा काढून म्हणत होती, ‘‘ऊठ ना, तुझं नाव घेतायत.’’ गिरिजा काही उठली नाही. खुर्चीत बसूनच तिने दोन्ही हात जोडले.

कार्यक्रमानंतर लीना सिस्टर तिला अतिदक्षता विभागाकडे घेऊन गेल्या. काचेबाहेर एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. निवृत्त कवायतशिक्षक, हेरवाडे गुरुजी. अपघातात सापडलेला मुलगा आत होता. बापलेकांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, आणि पट्टीने उठवणारा आवाज म्हणून त्यांचाच निवडला होता.

‘‘मला जमत नाही हो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘त्याच्यावर ओरडलो म्हणून तर तो घर सोडून गेला. आता पुन्हा कसा ओरडू? आत गेलो की घसाच सुकतो.’’

गिरिजा त्यांच्याजवळ गेली. ‘‘गुरुजी, रागानं ओरडू नका. हाक मारा. तो लांब गेलाय, लांबच्याला मोठ्यानंच हाक मारायला लागते.’’

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ताठ झाले. दार सरकलं आणि लीना सिस्टरमागोमाग ते आत गेले. गिरिजा आणि मागून आलेली अक्षता बाहेर थांबल्या. विरूपाक्षही काठी टेकत येऊन पत्नीमागे उभा राहिला.

‘‘संजू!’’ मैदानाच्या पलीकडे पोचेल असा आवाज काच भेदून आला. ‘‘संजू, बाळा! मी आलोय! ऊठ!’’

क्षणभर काही नाही. मग आतून लीना सिस्टरचा आवाज आला, अतिदक्षता विभागात कुणी काढू नये इतका मोठा.

‘‘घेतला! गुरुजी, त्याने स्वतःचा श्वास घेतला!’’